प्लेटिंग कारखान्याची जागा, मंडळाचा हॉल आणि सफाईचं सरकारी कर्ज

प्रश्न असा आहे. ओहायोतल्या एका जुन्या औद्योगिक शहरातलं मराठी मंडळ स्वतःच्या हॉलसाठी जागा बघतंय. शहराच्या मधोमध बंद पडलेला क्रोम प्लेटिंगचा कारखाना आहे. जागा सव्वा एकर, शेड अजून उभी. कारखाना १९६०च्या दशकातला. आताचे मालक मंडळाचे आजीव सभासद आहेत, त्यांनी तो पुढे विकत घेऊन चालवला. जागा नाममात्र किमतीत, जमलं तर देणगी म्हणूनच, द्यायची त्यांची तयारी आहे. जमीन दूषित असणार हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. कौंटीच्या ऑफिसात चौकशी केली तेव्हा समजलं की सफाईसाठी ‘ब्राउनफील्ड रिव्हॉल्व्हिंग लोन फंड’ आहे, त्यातून कमी व्याजानं कर्ज मिळतं. (ब्राउनफील्ड म्हणजे प्रदूषणाच्या शंकेमुळे पडून राहिलेली जुनी जागा.) आता कमिटीत दोन तट पडलेत. कर्ज घ्यावं का, त्यात मंडळ अडकेल का, आणि भारतात असं काही आहे का, हे तिन्ही विचारलंय.

मी पर्यावरण अभियंता आहे. जुन्या कारखान्यांच्या जमिनी तपासणं आणि साफ करून घेणं हेच माझं काम. कर्ज मागणाऱ्यांच्या बाजूनं कागद तयार केलेत आणि कर्ज देणाऱ्या कौंटीच्या बाजूनं ते तपासलेतही. तेव्हा आधी उत्तर देतो, मग कारणं.

कर्ज बरं आहे. पण तुमच्यापुढचा पहिला प्रश्न कर्जाचा नाहीच. जागा तुमच्या नावावर कधी आणि कोणत्या कागदांनंतर होते, यावर पुढचं सगळं ठरतं: कर्ज मिळेल का, अनुदान मिळेल का, आणि उद्या कोणी दावा लावला तर मंडळ वाचेल का. म्हणून देणगीपत्रावर आत्ता सही करू नका. आपल्याकडे ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणतात. या जागेबाबत ते विसरा.

असं का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. १९७८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाच्या वस्तीखाली गाडलेली रसायनं वर आली, कुटुंबं हलवावी लागली, देशभर गदारोळ झाला. त्यातून १९८०चा ‘सुपरफंड’ कायदा आला. त्याचा गाभा कठोर आहे. घाण कोणी केली हा मुद्दा असतोच, पण आजचा मालक हाही जबाबदार, त्यानं काही केलेलं नसलं तरी. शिवाय अनेक जबाबदारांपैकी एकालाच धरून सगळा खर्च वसूल करता येतो. कायदा मागच्या काळालाही लागू. हेतू चांगला होता, पण एक वेगळाच परिणाम झाला. जुन्या कारखान्याच्या जागेला कोणी हात लावेना. १९९०च्या एका अपील कोर्टाच्या निकालानंतर तर कर्ज देणाऱ्या बँकांनाही भीती वाटू लागली की आपणही ‘मालक’ ठरू. ती भीती कमी करायला १९९६ साली कायद्यात दुरुस्ती करावी लागली. तोवर बिल्डर शहराबाहेरच्या मक्याच्या शेतांवर गेले होते आणि शहरातले कारखाने कुलूपबंद पडून राहिले. बऱ्याच मालकांनी तर जागा तपासूनच घेतली नाही, कारण तपासलं की कळतं आणि कळलं की जबाबदारी येते. अशा जागांचा देशभरातला नेहमी सांगितला जाणारा अंदाज साडेचार लाखांचा आहे.

यावरच्या पहिल्या प्रयोगांपैकी एक तुमच्याच राज्यातला. १९९३ साली ईपीएनं, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण संस्थेनं, क्लीव्हलंड ज्या कौंटीत येतं त्या कायाहोगा कौंटीला २ लाख डॉलर दिले: जुन्या औद्योगिक जागा तपासा आणि पुन्हा वापरात कशा आणता येतील ते दाखवा म्हणून. त्यातून ब्राउनफील्ड कार्यक्रम उभा राहिला. ११ जानेवारी २००२ रोजी त्याला स्वतंत्र कायद्याचं बळ मिळालं, २०१८ साली त्यात सुधारणा झाल्या आणि २०२१च्या पायाभूत सुविधा कायद्यानं पाच वर्षांसाठी दीड अब्ज डॉलर आणखी दिले. २००२च्या कायद्यानं तुमच्यासारख्यांसाठी एक दार उघडलं. जागा घेण्याआधी रीतसर चौकशी केली असेल, प्रदूषणात तुमचा हात नसेल आणि घेतल्यानंतर तुम्ही नीट काळजी घेत असाल, तर मालक असूनही तुम्ही जबाबदार ठरत नाही. कायद्याच्या भाषेत तुम्ही ‘प्रामाणिक खरेदीदार’.

आणि घोडं इथेच पेंड खातं. ही चौकशी जागा नावावर होण्याआधीच झालेली हवी. नंतर कितीही उत्तम अहवाल केला तरी उपयोग नाही. देणगीलाही हाच नियम. देणगीत मिळालेली जागा म्हणजे पैसे दिले नाहीत, सबब जबाबदारीही नाही, असा समज मला बऱ्याच संस्थांत दिसतो. तो चूक आहे. चौकशीविना जागा स्वीकारली की मंडळ कायद्यानं जबाबदार मालक बनतं, आणि जबाबदार मालकाला त्याच जागेच्या सफाईसाठी हा फंड पैसे देत नाही. म्हणजे एका सहीनं जबाबदारी येते आणि तीच सही मदतीचं दारही बंद करते.

या चौकशीला व्यवहारात ‘फेज वन’ म्हणतात. जुने नकाशे, अग्निविम्याचे नकाशे, हवाई छायाचित्रं, सरकारी नोंदी, मालकाच्या आणि जुन्या कामगारांच्या मुलाखती, जागेची पाहणी. मातीला हात लावायचा नाही. खर्च काही हजार डॉलर. सध्या एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं २०२१चं मानक चालतं, सल्लागार अजून २०१३चं वापरत असेल तर दुसरा शोधा. अहवालाला मुदत असते: मुलाखती, नोंदींची तपासणी, पाहणी, बोज्यांचा शोध आणि तज्ज्ञाची सही हे भाग ताबा घेण्याच्या दिवसाआधीच्या १८० दिवसांतले असावे लागतात. मंडळांच्या व्यवहारात हे हमखास सुटतं. कमिटी बदलते, सर्वसाधारण सभा पुढे जाते, वकील सुट्टीवर जातो, आणि क्लोजिंगच्या, म्हणजे जागा नावावर होण्याच्या, दिवशी फेज वन सात-आठ महिने जुना झालेला असतो. मुदत गेली तर ते भाग पुन्हा करून घ्या, मगच सही करा.

पैसे मात्र लगेच खर्च करू नका. कौंटीकडे किंवा शहराकडे ईपीएचं तपासणी अनुदान असतं, त्यातून खासगी जागेचाही फेज वन आणि फेज टू मोफत करून मिळू शकतो. तसं नसेल तर ईपीएचं विभागीय कार्यालय स्वतःच्या कंत्राटदाराकडून तपासणी करून देतं, त्यालाही अर्ज करता येतो. एवढंच बघा की अहवालात ‘वापरणारा’ म्हणून मंडळाचं नाव आहे आणि खरेदीदारानं भरायची प्रश्नावली मंडळानं भरली आहे. अहवाल फक्त कौंटीच्या नावानं असेल तर नंतर तुमच्या बचावाला तो अपुरा पडू शकतो.

फेज टू म्हणजे बोअर मारून माती, भूजल आणि जमिनीतली हवा तपासणं. प्लेटिंगच्या जागेत मी चार गोष्टी शोधतो. पहिली षटसंयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं जास्त घातक रूप. टाक्यांखालची काँक्रीटची लादी वर्षानुवर्षं आम्लानं झिजलेली असते आणि द्रावण भेगांतून खाली जातं. कधी मातीला पिवळसर झाक येते. दुसरी निकेल आणि सायनाइड, कारण क्रोमच्या आधी धातूवर इतर थर चढवतात. तिसरी ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे टीसीई. मुलामा देण्याआधी धातूवरचं तेल काढायला ते वापरत. पाण्यापेक्षा जड असल्यानं ते खोल उतरतं, आणि त्याची वाफ जमिनीतून इमारतीत शिरते. तुमच्या हॉलमध्ये दर रविवारी मराठी शाळा भरणार, गरोदर बायका येणार. टीसीईच्या वाफेबद्दलची काळजी नेमकी याच लोकांसाठी जास्त असते, म्हणून जमिनीतल्या हवेची चाचणी कोणी ‘ऐच्छिक’ म्हणालं तर ऐकू नका. उपाय अवघड नाही. ओहायोतल्या कित्येक घरांच्या तळघरात जमिनीतून येणाऱ्या रेडॉन वायूसाठी पाइप आणि पंखा बसवलेला असतो, तेच तंत्र मोठ्या प्रमाणावर लादीखाली बसवतात. नवीन बांधकामात ते आधीच आखलं तर खर्च थोडा येतो. नंतर बसवायचं तर लादी फोडावी लागते.

चौथी गोष्ट पीफास, म्हणजे सहसा नष्ट न होणाऱ्या रसायनांचा एक गट, आणि कमिटीतल्या ज्या सभासदांनी दहा वर्षांपूर्वी अशा जागांवर काम केलंय त्यांनाही ती कदाचित लक्षात येणार नाही. क्रोमच्या टाकीतून विषारी वाफ उठते, ती दाबायला टाकीवर फेस आणणारं रसायन टाकत. त्यात पीफॉस हे पीफास गटातलं रसायन असायचं. कामगारांच्या फुप्फुसांसाठी केलेला हा उपाय मातीत आणि पाण्यात उतरून बसला. क्रोम प्लेटिंगमधल्या पीफॉसयुक्त रसायनावर ईपीएनं २०१५पासून बंदी आणली, पण तुमचा कारखाना त्याआधी कित्येक वर्षं चालला आहे. ८ जुलै २०२४पासून पीफॉस आणि त्याच गटातलं पीएफओए ही दोन्ही सुपरफंड कायद्याखाली घातक द्रव्यं ठरली आहेत. म्हणजे फेज वनमध्ये त्यांचा विचार करावाच लागतो, आणि भूजलात ती सापडली तर आकडे फार लहान असतात: पिण्याच्या पाण्यासाठी ठरवलेली मर्यादा लाख कोटी भागांत ४ भाग इतकी आहे. तुम्ही ते पाणी पिणार नाही, नळाचं पाणी शहराचं आहे, तरी भूजल शेजारच्या हद्दीत जात असेल तर विषय वाढतो. माझ्या मते या जागेचा निर्णय क्रोमियमवर नाही, पीफासवर ठरेल. क्रोमियम अवघड असलं तरी ओळखीचं आहे: माती उकरून नेता येते, भूजलातल्या षटसंयुजी क्रोमियमचं रासायनिक उपायानं कमी घातक त्रिसंयुजी रूप करता येतं. भूजलातल्या पीफासला अजून तसा स्वस्त आणि कायमचा उपाय नाही.

आता कर्जाकडे. ईपीए थेट तुम्हाला पैसे देत नाही. ती कौंटी, शहर, पोर्ट ऑथॉरिटी किंवा राज्याला १० लाख डॉलरपर्यंत अनुदान देते आणि ती संस्था त्यातून फंड चालवते. नियम असा की किमान निम्मी रक्कम कर्ज म्हणूनच द्यायची. उरलेल्यातून सबग्रँट देता येते, म्हणजे परत न करायची मदत. सबग्रँट फक्त सरकारी संस्थांना आणि ना-नफा संस्थांना. खासगी बिल्डरला नाही. तुमचं मंडळ नोंदणीकृत ना-नफा संस्था आहे ना, मग कौंटीकडे पहिला प्रश्न हा विचारा: ‘सबग्रँट किती शिल्लक आहे?’ कर्जाची माहिती ते आपणहून देतात, सबग्रँटची विचारावी लागते. तिला जागेमागे वरची मर्यादा असते, आणि सबग्रँट घेताना जागा मंडळाच्या मालकीची असावी लागते. म्हणजे क्रम असा: आधी तपासणी, मग फंडाकडून लेखी आश्वासन, मग खरेदी, मग सबग्रँटचा करार. हा क्रम उलटला की काय होतं ते वर लिहिलंच आहे.

कर्ज फेडलं की मुद्दल आणि व्याज पुन्हा त्याच फंडात जातं आणि दुसऱ्या जागेला मिळतं. ईपीएचं मूळ अनुदान बंद झाल्यावरही तो पैसा ब्राउनफील्डच्याच कामासाठी वापरावा लागतो. कल्पना सुरेख आहे. प्रत्यक्षात पैसा सावकाश फिरतो, काही फंडांत तर तो वर्षानुवर्षं पडून असतो. कारण उघड आहे. नफ्यातल्या बिल्डरला दोन-तीन लाखांसाठी इतके कागद नको असतात, आणि ज्यांना पैशांची खरी गरज आहे त्यांच्याकडे फेडीचं साधन नसतं. म्हणून पडून असलेल्या फंडाचा मॅनेजर तुमच्यासारख्या अर्जदाराला खुशीनं भेटतो. त्या खुशीचा फायदा घ्या, अटींवर बोला. व्याज, मुदत, पहिला हप्ता कधी सुरू, हे बऱ्याच अंशी स्थानिक फंडच ठरवतो.

पैसे कशाला मिळतात, तर फक्त सफाईला: माती उकरून नेणं, भूजलावर उपाय, झाकण घालणं, वाफेसाठीची यंत्रणा, सफाई झाल्याचं सिद्ध करणारी चाचणी. जागेच्या किमतीला नाही, हॉलच्या बांधकामाला नाही. शेड पाडायचा खर्च फक्त तेव्हा, जेव्हा ती पाडल्याशिवाय सफाई होतच नाही. तुमच्या बाबतीत हे बहुधा लागू होईल, कारण टाक्यांखालची माती शेड असताना काढता येणार नाही. पण तसं सफाईच्या आराखड्यात स्पष्ट लिहून घ्या. आणि पैसे सहसा काम झाल्यावर, बिलं दाखवून मिळतात. कंत्राटदाराला महिनाअखेर देणं आहे आणि कौंटीचा चेक सहा आठवड्यांनी येणार, ही तफावत मंडळाला सोसावी लागेल. त्यासाठी मधल्या काळापुरती छोट्या कर्जाची सोय आधी करून ठेवा.

आता हिशेब. समजा सफाईला ४ लाख डॉलर लागणार आणि त्यात २ लाख सबग्रँट मिळाली. उरलेलं २ लाखांचं कर्ज १ टक्क्यानं दहा वर्षांसाठी घेतलं तर हप्ता महिना सुमारे १,७५० डॉलर. तेच बँकेकडून ८ टक्क्यांनी घेतलं तर सुमारे २,४२५. फरक महिन्याला पावणेसातशे, दहा वर्षांत ८१ हजारांच्या आसपास. रक्कम बरी आहे, पण आता दुसरी बाजू बघा. फंडाचा पैसा लागला की त्या सफाईच्या कंत्राटावर डेव्हिस-बेकन कायद्याची मजुरी लागू होते: सरकारनं ठरवलेला स्थानिक दर आणि दर आठवड्याला प्रमाणित पगारपत्रकं. सफाईच्या पर्यायांचा तौलनिक अहवाल करावा लागतो, तो लोकांपुढे ठेवून हरकती मागवाव्या लागतात, शेड जुनी असल्यानं ऐतिहासिक वास्तू कार्यालयाचं पत्र लागतं, राज्याच्या स्वेच्छा-सफाई कार्यक्रमात नाव घालावं लागतं. कमी व्याजानं वाचलेल्या रकमेतला बराच भाग यात जाऊ शकतो. मग हे कर्ज घ्यायचंच कशाला? कारण साधं आहे: तो ८ टक्के वाला बँकर मुळात येतच नाही. सफाईआधी ही जागा तारण म्हणून शून्य, खरं तर उणे. ओहायोच्या जुन्या शहरांत साफ केलेल्या सव्वा एकराची किंमत सफाईच्या खर्चापेक्षा कमी भरू शकते. ज्या टप्प्यावर कोणीच पैसे देत नाही, त्या टप्प्यासाठी हा फंड आहे. व्याजाच्या टक्क्यांवर कमिटीत वाद घालण्यात अर्थ नाही.

फेडीचं मात्र खरं उत्तर हवं. गणपती आणि दिवाळीच्या तिकिटांवर दरमहा १,७५० डॉलर उभे राहतात का? मंडळाचे तीन वर्षांचे हिशेब काढा आणि हॉल बांधून पूर्ण होईपर्यंतची वर्षं त्यात धरा, कारण त्या काळात भाड्याचं उत्पन्न नसेल. फंडाकडून पहिली दोन वर्षं फक्त व्याज, किंवा तेही नाही, अशी सवलत मागता येते. ना-नफा संस्थेला मुद्दलाचा काही भाग माफही होऊ शकतो. त्याची मर्यादा आणि अटी त्या फंडाच्या करारात बघा. कमिटी सदस्यांच्या वैयक्तिक हमीला मात्र ठाम नकार द्या. दर दोन वर्षांनी बदलणाऱ्या कमिटीनं घराच्या जिवावर दहा वर्षांचं कर्ज घेऊ नये, इतकं माझं मत पक्कं आहे. बांधकामासाठी पुढे बँक आली की ती पहिला बोजा मागेल, तेव्हा फंड दुसऱ्या जागी जायला तयार आहे का, हेही आजच लिहून घ्या.

कर्जाआधी अनुदानाचं दार वाजवा. ओहायोनं २०२१च्या अर्थसंकल्पात ब्राउनफील्ड सफाईसाठी ३५ कोटी डॉलर ठेवले, अर्ज कौंटीतल्या नेमलेल्या संस्थेमार्फत, बऱ्याच ठिकाणी लँड बँकेमार्फत (पडीक जागा ताब्यात घेऊन पुन्हा वापरात आणणारी स्थानिक संस्था), गेले. आत्ता कोणती फेरी चालू आहे ते लँड बँकेला विचारा. आणखी एक विचार करा. जागा थेट मंडळानं न घेता आधी लँड बँकेनं घ्यावी, साफ करावी आणि मग मंडळाला द्यावी. वेळ लागतो, पण छोट्या संस्थेसाठी हा मार्ग मला सगळ्यांत सुरक्षित वाटतो.

मालकांचा विषय नाजूक आहे, कारण माणूस आपला आहे. तरी लिहायलाच हवं. ‘प्रामाणिक खरेदीदार’ व्हायला जबाबदार व्यक्तीशी संबंध नसावा, अशी अट आहे: नात्याचा नाही, आर्थिक नाही, कंपनीचा नाही, जमिनीच्या व्यवहारापुरता करार चालतो. नुसतं आजीव सभासदत्व अडचण ठरेल असं मला वाटत नाही. पण ते विश्वस्त असतील, त्यांचे नातेवाईक कमिटीत असतील, किंवा जागेच्या बदल्यात मंडळानं त्यांना ‘पुढचं सगळं आम्ही बघू, तुमच्यावर काही येऊ देणार नाही’ असं लिहून दिलं असेल, तर पर्यावरणाचा वकील आधी लागेल. साऊथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनमध्ये अ‍ॅश्ली नावाच्या कंपनीनं जुन्या खत कारखान्याची जागा घेतली होती. जुन्या मालकांना असंच मोकळं केल्याचा मुद्दा कोर्टात तिच्या अंगाशी आला. २०१३ साली अपील कोर्टानं तिला संरक्षण नाकारलं ते मात्र दुसऱ्या कारणावरून: जमिनीतले जुने खड्डे, सांडपाणी साठवायचे सम्प, तिनं वेळेवर साफ करून बुजवले नाहीत. प्लेटिंगच्या शेडमध्ये असे सम्प असतातच. जागा ताब्यात आली की पहिल्या आठवड्यात ते रिकामे करणं, झाकणं आणि फोटोसह नोंद ठेवणं हे तुमचं काम. सफाईचं कर्ज मंजूर होईपर्यंत थांबायचं नाही.

त्यांच्याकडून दोन गोष्टी मात्र हक्कानं मागा. एक, शेडमध्ये उरलेली पिंपं आणि टाक्यांतली द्रावणं. ओहायोत कारखाना बंद झाल्यावर ९० दिवसांत ती काढायची जबाबदारी मालकावर असते. ते काम देणगीआधी व्हायला हवं. दुसरी, कारखान्याच्या जुन्या विमा पॉलिसी, विशेषतः १९८६च्या आधीच्या. त्या काळातल्या सर्वसाधारण दायित्व पॉलिसींत प्रदूषणाला आजच्यासारखं सरसकट वगळलेलं नसायचं आणि कित्येक जागांची सफाई अशा पॉलिसींतून झाली आहे. माळ्यावरची कागदांची खोकी टाकून देऊ नका म्हणावं. ज्यानं घाण केली त्याच्याकडून किंवा त्याच्या विमा कंपनीकडून पैसे येत असतील, तर सार्वजनिक फंडानं ते द्यावेत असं मलाही वाटत नाही. न्यू जर्सीत जर्सी सिटीला राहणाऱ्या मराठी मंडळींना हडसन कौंटीतला क्रोमियमचा कचरा ऐकून माहीत असेल: क्रोमेट कारखान्यांतला लक्षावधी टन गाळ भराव म्हणून वापरला गेला होता. तिथे २००३ साली फेडरल कोर्टानं हनीवेल कंपनीला जर्सी सिटीतल्या एका जागेवरचा असा कचरा खणून काढायचा आदेश दिला. तिथे धरायला मोठी कंपनी होती. तुमच्याकडे निवृत्त सभासद आणि एक रिकामी शेड आहे.

सफाई म्हणजे सगळी माती बदलणं नव्हे. राज्याच्या कार्यक्रमात वापर काय होणार यावर मानक ठरतं. पार्किंगखालची माती झाकून ठेवता येते, भूजल वापरायचं नाही अशी कायमची अट जमिनीच्या कागदांवर चढते, वाफेची यंत्रणा चालू ठेवावी लागते. शेवटी प्रमाणित तज्ज्ञ ‘आणखी कारवाईची गरज नाही’ असं पत्र देतो आणि राज्य दावा न लावण्याचा करार देतं. हा स्वस्त मार्ग आहे आणि बहुतेक वेळा योग्यही. पण त्यातून येणाऱ्या अटी दहा वर्षांनंतरच्या कमिटीलाही बांधतात: पार्किंग उकरून झाडं लावायची म्हटलं तरी परवानगी लागेल. त्यांच्यासाठी एक जाड फाइल आणि जबाबदार सभासदाचं पद घटनेतच घाला. आणि लहान मुलांचं अंगण जिथे येणार आहे तिथे मी झाकण घालणार नाही, तिथली माती काढून टाकेन, चार पैसे जास्त गेले तरी.

नाही कधी म्हणायचं? भूजलातलं पीफास किंवा टीसीई हद्दीबाहेर गेलं असेल आणि मागे उभं राहायला विमा, मालक किंवा लँड बँक यांपैकी कोणी नसेल, तर सोडून द्या. तेव्हा कितीही स्वस्त कर्ज मिळालं तरी ते मंडळाच्या कामाचं नाही.

भारताबद्दल. जुलै २०२५मध्ये केंद्रानं दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. जागा शोधणं, तपासणं, जबाबदार कोण ते ठरवणं आणि त्याच्याकडून खर्च वसूल करणं याची चौकट पहिल्यांदाच आली. त्यावेळी देशात अशा १०३ जागा ओळखलेल्या होत्या आणि सातच ठिकाणी सफाईचं काम सुरू झालं होतं. जबाबदार माणूस सापडत नाही तिथे केंद्र आणि राज्यानं खर्च उचलायचा, असा विचार त्यात आहे. फिरत्या कर्जाचा नाही. मुंबईत तर असं कर्ज कदाचित लागणारही नाही, जमिनीचा भावच सफाईचा खर्च सहज झेलतो. गिरणगावात १९९१च्या नियमापासून २००६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत भांडण झालं ते बंद गिरण्यांच्या जमिनीच्या एक तृतीयांश वाटणीचं: घरं किती, मोकळी जागा किती, मालकाला किती. रंगखात्याखालच्या मातीत काय आहे, हा प्रश्न त्या भांडणात फारसा कोणी विचारलाच नाही. तमिळनाडूतल्या राणीपेटला बंद क्रोमेट कारखान्याचा क्रोमियमयुक्त कचरा उघड्यावर पडून राहिला, तिथे कर्ज देऊन काही होणार नाही, तिथे सरळ सरकारी पैसाच हवा. कर्ज उपयोगी पडेल ते मधल्या गावांत, जिथे जमिनीला भाव आहे पण बिल्डरनं सगळा धोका पत्करावा इतका नाही. एमआयडीसीचे जुने पट्टे शहरात येऊन बसलेली गावं महाराष्ट्रात बरीच आहेत, तिथे हा प्रश्न आज ना उद्या येणारच.

तुम्ही आता कौंटीच्या ब्राउनफील्ड ऑफिसला पत्र पाठवा: मंडळाच्या नावानं फेज वन आणि फेज टू तपासणी अनुदानातून मिळेल का, सबग्रँट किती शिल्लक आहे, फंड २०२१च्या कायद्याच्या पैशातला आहे की जुना. जुन्या पैशात २० टक्के स्थानिक वाटा असतो आणि काही फंड तो कर्जदाराकडून भरून घेतात. मालकांना सांगा की देणगीबद्दल आभारी आहोत, पण वर्षभर थांबावं लागेल. फेज टूचे आकडे हातात आले की मातीतलं क्रोमियम, लादीखालच्या हवेतली टीसीई आणि भूजलातलं पीफास, एवढे तीन मला कळवा. मग खणायचं कुठे आणि झाकायचं कुठे यावर नेमकं बोलता येईल.